फलनाचे आदान आणि सूत्रातील मूक प्रमाद : एका सरासरीचा इतिहास

गणिताच्या विद्यार्थ्यास लॉगची कोष्टके वापरण्याचा सराव असतो. डावीकडील स्तंभात आपली संख्या शोधावी, त्या ओळीत उजवीकडे सरकत जावे आणि इष्ट स्तंभाखालील मूल्य उचलावे, असा हा क्रम होय. या क्रमात एक जुना धोका दडलेला आहे. दृष्टी एक ओळ खाली घसरली तर कोष्टक तक्रार करीत नाही. ते एक मूल्य देतेच, ते मूल्य दिसावयासही योग्य असते, आणि पुढील सर्व गणित त्यावर बिनदिक्कत उभे राहते. कोष्टकाचा दोष नसतो आणि गणिताचाही नसतो. दोष असतो तो कोष्टकास विचारलेल्या प्रश्नात.

फलनास जी राशी पुरवावी लागते तिला इंग्रजीत आर्ग्युमेंट म्हणतात. प्रस्तुत निबंधात तिच्यासाठी 'आदान' हा शब्द योजला आहे. आदान चुकले असता सूत्र कसे वागते, आणि ती चूक कशी सापडते, हा या निबंधाचा विषय होय. वरवर पाहता तो संगणकावर काम करणाऱ्या कारकुनाचा प्रश्न वाटेल. परंतु एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात याच प्रकारच्या एका चुकीने अर्थशास्त्राच्या अभ्यासकांस, आणि काही अंशी राज्यकर्त्यांसही, आपल्या निष्कर्षांचा पाया तपासावयास लावले. म्हणून या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे उपयुक्त ठरेल.

१. प्रमादाचे चार प्रकार

आदानाच्या चुका स्थूलमानाने चार प्रकारच्या असतात : एककाची, क्रमाची, अध्याहृत आदानाची आणि व्याप्तीची.

एककाच्या चुकीचे उदाहरण आपल्या परंपरेच्या जवळचे आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास दिलेल्या ज्यासारणीत त्रिज्या ३४३८ धरलेली आहे. वर्तुळाचा परिघ २१,६०० कला मानला म्हणजे त्रिज्या सुमारे ३४३८ कला येते. अर्थात चाप आणि ज्या ही दोन्ही एकाच एककात मोजली जातात. ही योजना मोठी सोयीची होती. आदान कोणत्या मापाने द्यावयाचे आणि फल कोणत्या मापाने मिळावयाचे, याविषयी सारणी वापरणाऱ्याच्या मनात संदेह राहत नसे. तीस अंशांची, म्हणजे १८०० कलांची, ज्या १७१९ येते. ती त्रिज्येच्या बरोबर निम्मी आहे. आजच्या संगणकातील ज्या-फलन मात्र आपले आदान रेडियनमध्ये आहे असे गृहीत धरते. तेथे नुसते ३० लिहिले तर अर्धा हे उत्तर न मिळता उणे ०.९८८ मिळते. ही संख्या उणे एक आणि एक यांच्या दरम्यानच असल्याने ज्या म्हणून ती सर्वथा शक्य कोटीतील असते. चिन्ह विपरीत आहे एवढाच काय तो इशारा; आणि आदान दुसरे असते तर तोही मिळाला नसता.

क्रमाची चूक दोन किंवा अधिक आदाने असलेल्या फलनांत होते. बिंदूच्या भुज-कोटींवरून कोन काढून देणारे एक फलन फोर्ट्रान आणि सी या भाषांत प्रथम कोटी व नंतर भुज मागते. एक्सेल या गणनपत्रकात त्याच नावाचे फलन प्रथम भुज व नंतर कोटी मागते. एका भाषेत मुरलेला अभ्यासक दुसरीत गेला की त्याचे कोन उलटतात. बिंदू जेव्हा दोन्ही अक्षांपासून समान अंतरावर आणि पहिल्या चरणात असतो तेव्हा दोन्ही क्रमांनी पंचेचाळीस अंशच येतात. आणि दुर्दैवाने चाचणीसाठी पुष्कळदा नेमका हाच बिंदू निवडला जातो.

अध्याहृत आदानाची चूक अधिक सूक्ष्म आहे. काही फलनांतील शेवटची आदाने लिहिली नाहीत तरी चालते. त्यांच्या जागी यंत्र स्वतःचे एक मूल्य धरते. एक्सेलमधील यादीत शोध घेणारे व्हीलुकअप हे फलन याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याचे चौथे आदान वगळले तर ते तंतोतंत जुळणीऐवजी जवळच्या जुळणीचा शोध घेते, आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे मानून चालते. यादी तशी लावलेली नसेल तर ते शेजारच्याचे मूल्य आणून देण्याचा संभव असतो. या फलनाचा जो नवा अवतार २०१९ मध्ये जाहीर झाला, त्यात ही पूर्वधारणा बदलून तंतोतंत जुळणी हीच स्वाभाविक मानण्यात आली. कर्त्यांनी आपल्या गृहीतकाचा दोष अशा रीतीने मान्य केला असे म्हणावयास हरकत नाही.

चौथा प्रकार व्याप्तीचा. बेरीज किंवा सरासरी यांसारख्या फलनांस एक संख्या नव्हे तर संख्यांची एक पट्टी आदान म्हणून द्यावी लागते. ती कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे लिहिताना चूक झाली, तर फलन दिलेल्या पट्टीची बिनचूक सरासरी काढते. ती पट्टी मात्र आपल्या मनातील नसते. पुढे वर्णन केलेले प्रकरण या चौथ्या प्रकारातील आहे.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. काही चुका बोलक्या असतात. संख्येच्या जागी शब्द दिला, शून्याने भागले, किंवा पुसून टाकलेल्या चौकटीचा उल्लेख केला, तर यंत्र उत्तर देण्याचे नाकारते आणि चौकटीत दोषाची खूण उमटते. अशा चुकांनी वेळ जातो, परंतु ज्ञानाची हानी होत नाही. वर सांगितलेल्या चारही प्रकारांतील चुका मूक राहू शकतात. इतिहास घडतो तो मूक चुकांनी.

२. गणनपत्रकाचा उदय

हार्वर्ड येथे व्यवसायव्यवस्थापनाचे शिक्षण घेत असताना डॅन ब्रिकलिन यांस १९७८ मध्ये यांत्रिक हिशेबपत्रकाची कल्पना सुचली. बॉब फ्रँकस्टन यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात उतरून १९७९ मध्ये व्हिझिकॅल्क हा कार्यक्रम ॲपल-२ या संगणकासाठी विक्रीस आला. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आणि १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी एक्सेल हे त्याचे वारसदार अवतरले. या साधनाने गणन करण्याची शक्ती आज्ञावली न जाणणाऱ्या माणसाच्या हाती दिली, हे त्याचे थोर कार्य होय.

तथापि त्याबरोबर एक गोष्ट हरवली. फोर्ट्रानसारख्या भाषेत लिहिलेली आज्ञावली हा एक सलग लेख असतो. तो वरून खाली वाचता येतो आणि दुसऱ्यास वाचावयास देता येतो. गणनपत्रकात दृष्टीस पडते ते उत्तर. सूत्र त्या उत्तराच्या मागे लपलेले असते, आणि प्रत्येक चौकटीत जाऊन पाहिल्याखेरीज ते उघड होत नाही. ज्यास आपण पुरावा म्हणतो तो पडद्याआड आणि ज्यास निष्कर्ष म्हणतो तो रंगमंचावर, अशी ही रचना आहे.

३. नव्वद टक्क्यांचा उंबरठा

जानेवारी २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन ख्यातनाम अर्थशास्त्रज्ञांनी सार्वजनिक कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधांविषयी एक शोधनिबंध सादर केला. राइनहार्ट त्या वेळी मेरिलँड विद्यापीठात आणि रोगॉफ हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन करीत होते. आर्थिक अरिष्टांच्या आठ शतकांचा आढावा घेणारा त्यांचा ग्रंथ आदल्याच वर्षी, २००९ मध्ये, प्रसिद्ध होऊन नावाजला गेला होता. सदर निबंध मे २०१० मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या नियतकालिकाच्या परिषद-निबंधांच्या अंकात छापून आला.

निबंधातील एका भागात वीस प्रगत देशांच्या १९४६ ते २००९ या काळातील आकडेवारीचे चार गट पाडले होते : स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या तुलनेत कर्ज ३० टक्क्यांपर्यंत, ३० ते ६०, ६० ते ९० आणि ९० टक्क्यांहून अधिक. पहिल्या तीन गटांत वाढीचा सरासरी दर अनुक्रमे ४.१, २.८ आणि २.८ टक्के निघाला. चौथ्या गटात तो उणे ०.१ टक्का निघाला. नव्वद टक्क्यांचा उंबरठा ओलांडताच वाढ थांबते, असा अर्थ या कोष्टकातून सहज निघत होता. मध्यगा घेतली असता घट सुमारे एका टक्क्याचीच दिसते, हे लेखकांनी नमूद केले होते. परंतु लोकांच्या स्मरणात राहिली ती सरासरी.

तो काळ २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतरचा होता. सरकारांनी खर्च वाढवून बेकारी कमी करावी की खर्च आखडून कर्ज आवरावे, असा वाद सर्वत्र चालू होता. ब्रिटनमध्ये जॉर्ज ऑस्बर्न यांनी फेब्रुवारी २०१० मधील आपल्या व्याख्यानात या दोन अर्थशास्त्रज्ञांच्या संशोधनाचा आधार घेतला. त्याच वर्षी ते अर्थमंत्री झाले. युरोपीय आयोगाचे ऑली रेन यांनी २०१३ मध्ये अर्थमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात नव्वद टक्क्यांच्या मर्यादेचा उल्लेख केला. अमेरिकेत पॉल रायन यांच्या २०१३ च्या अंदाजपत्रकीय आराखड्यातही या अभ्यासाचा निर्देश आला. काटकसरीचे धोरण केवळ या निबंधामुळे आले असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही; त्या धोरणास राजकीय आणि आर्थिक अशी अन्य कारणे होती. परंतु त्यास शास्त्राचे बळ आहे असे सांगताना या संख्येचा उपयोग झाला, एवढे निश्चित.

४. विद्यार्थ्याचा स्वाध्याय

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील अर्थशास्त्र विभागात थॉमस हर्न्डन हे पदव्युत्तर विद्यार्थी होते. अर्थमितीच्या अभ्यासक्रमात एखाद्या प्रसिद्ध निबंधाचे गणित पुन्हा करून पाहण्याचा स्वाध्याय होता, आणि त्यांनी हा निबंध निवडला. प्रसिद्ध आकडेवारीवरून त्यांस मूळ उत्तरे मिळेनात. चूक आपलीच असणार असे समजून त्यांनी पुनःपुन्हा गणित केले, तरीही ती मिळेनात. अखेर त्यांनी मूळ लेखकांकडे विचारणा केली, आणि राइनहार्ट यांनी आपले गणनपत्रक त्यांस पाठवून दिले. हे औदार्य विसरता कामा नये. ते पत्रक मिळाले नसते तर चुकीचा शोध लागला नसता.

त्या पत्रकात वीस देश ओळ ३० ते ओळ ४९ या क्रमाने, इंग्रजी वर्णानुक्रमाच्या उलट मांडलेले होते. सरासरी काढणाऱ्या सूत्राचे आदान मात्र ओळ ३० ते ओळ ४४ असे होते. परिणामी अखेरचे पाच देश, म्हणजे डेन्मार्क, कॅनडा, बेल्जियम, ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलिया, गणनेतून गळाले. चौथ्या गटाच्या स्तंभात या पाचांपैकी फक्त बेल्जियमच्या चौकटीत संख्या होती. २५ वर्षांच्या सरासरीची ती संख्या २.६ टक्के होती.

वाचकांनी हे गणित स्वतः करून पाहावे. चौथ्या गटात मोजले गेलेले देश सात : ग्रीस २.९, आयर्लंड २.४, इटली १.०, जपान ०.७, न्यूझीलंड उणे ७.९, ब्रिटन २.४ आणि अमेरिका उणे २.०. त्यांची बेरीज उणे ०.५ येते. तिला सातांनी भागले की उणे ०.०७, म्हणजे निबंधातील उणे ०.१ मिळते. बेल्जियमचे २.६ मिळवले तर बेरीज २.१ होते आणि आठांनी भागल्यावर सरासरी सुमारे ०.३ येते. पट्टीच्या चुकीचा परिणाम एवढाच : सुमारे एक-तृतीयांश टक्का.

मग वादळ एवढे मोठे का उठले? कारण सूत्र उघडून पाहताच त्याच्या आदानांकडेही दृष्टी गेली. न्यूझीलंडची संख्या केवळ एका वर्षाची, १९५१ ची, होती. त्या देशाची १९४६ ते १९४९ ही वर्षेही नव्वद टक्क्यांच्या वरची होती, पण ती गणनेत नव्हती. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा यांची १९४६ ते १९५० ही वर्षेही नव्हती. शिवाय न्यूझीलंडचा १९५१ चा दर उणे ७.६ असताना नकल करताना उणे ७.९ लिहिला गेला होता. पाचही वर्षे घेतली असता त्या देशाची सरासरी अधिक २.६ येते. ती संख्या ठेवून आठ देशांची सरासरी काढली तर ती सुमारे १.६ होते, ऑस्ट्रेलिया ३.८ आणि कॅनडा ३.० यांसह दहा देशांची १.९ होते.

तिसरा प्रश्न भाराचा होता. प्रत्येक देशास, त्याची वर्षे कितीही असोत, समान भार दिलेला होता. ब्रिटनची १९ वर्षे आणि न्यूझीलंडचे एक वर्ष यांचे वजन सारखे ठरले. देशांऐवजी प्रत्येक वर्षास समान भार दिला तर एकूण ११० वर्षांची सरासरी २.२ टक्के येते. हर्न्डन, मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन यांनी एप्रिल २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हीच संख्या दिली; तो निबंध पुढे २०१४ मध्ये केंब्रिज जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये छापला गेला.

राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी पट्टीची चूक तत्काळ मान्य केली. इतर दोन आक्षेप मात्र त्यांनी स्वीकारले नाहीत. वगळलेली वर्षे हेतुपूर्वक गाळली नव्हती, त्या काळाची आकडेवारी तेव्हा पुरती तपासून झाली नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. आणि देशांस समान भार देण्याच्या पद्धतीचेही त्यांनी समर्थन केले. १८०० पासूनच्या दीर्घकालीन आकडेवारीवर आधारलेल्या त्यांच्या २०१२ च्या निबंधात अधिक कर्जाच्या काळात वाढ सुमारे १.२ टक्क्यांनी कमी आढळली होती, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. अधिक कर्ज आणि मंद वाढ यांचे साहचर्य दोन्ही पक्षांच्या आकड्यांत दिसते. कर्जामुळे वाढ मंदावते की वाढ मंदावल्यामुळे कर्ज फुगते, हा कार्यकारणाचा प्रश्न त्याने सुटत नाही. नाहीसा झाला तो उंबरठा, जेथे वाढ एकाएकी शून्याखाली जाते असे वाटत होते.

५. प्रकरणाचा अर्थ

या प्रकरणातून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली अशी की, सर्वांत लहान परिणाम असलेली चूकच सर्वांत निर्णायक ठरली. कोणती वर्षे घ्यावी आणि भार कसा द्यावा, हे विवेकाचे प्रश्न आहेत. त्यांवर दोन बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. ओळ ४४ आणि ओळ ४९ यांच्यामध्ये मात्र युक्तिवादास जागा नाही. निर्विवाद चुकीने विवाद्य निवडींवर प्रकाश पाडला.

दुसरी गोष्ट सरासरीच्या फलनाविषयीची आहे. ते फलन पट्टीतील संख्याहीन चौकटी मुकाट्याने सोडून देते आणि भाजक स्वतःच ठरवते. हा गुण सोयीचा आहे, पण त्यामुळे भाजक दृष्टीआड होतो. सरासरीशेजारी केवळ 'किती संख्या मोजल्या' हे दाखवणारी एक चौकट असती, तर तेथे सात दिसले असते, आणि स्तंभात आठ संख्या आहेत हे डोळ्यांनी मोजता आले असते.

तिसरी गोष्ट अशी की, हा दोष एका शास्त्रापुरता मर्यादित नाही. जेपी मॉर्गन या अधिकोषाच्या लंडन येथील व्यवहारांत २०१२ मध्ये सहा अब्ज डॉलरांहून अधिक तोटा झाला. त्याविषयी जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिकोषाच्या स्वतःच्या अहवालात जोखीम मोजणाऱ्या गणनपत्रकातील एक चूक नोंदलेली आहे : दोन दरांच्या फरकास त्यांच्या सरासरीने भागावयाचे, ते बेरजेने भागले गेले. दोन संख्यांची बेरीज ही त्यांच्या सरासरीच्या दुप्पट असते; त्यामुळे चढउतार निम्मा भासला आणि जोखीम कमी दिसली. तोट्याचे ते एकमेव कारण नव्हते. पण तेथेही यंत्राने तक्रार केली नाही.

६. शोधनाची रीती

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या इतिहासातून काही व्यावहारिक नियम काढता येतील. सूत्र प्रथम अशा आदानावर चालवावे की ज्याचे उत्तर आपणांस आधीच ठाऊक आहे. आणि ते आदान असममित असावे, म्हणजे क्रमाची अदलाबदल झाल्यास उत्तर बदलेल. एकक सूत्राशेजारी लिहून ठेवावे. वगळता येण्याजोगे आदानही स्पष्टपणे लिहावे. यंत्राच्या गृहीतकावर विसंबू नये. प्रत्येक सरासरीबरोबर तिचा भाजक दाखवावा.

याखेरीज एकेक घटक वगळून उत्तर किती हलते ते पाहावे. वरील सात देशांतून न्यूझीलंड काढून टाकला तर उरलेल्या सहांची सरासरी १.२ येते. एका देशाच्या एका वर्षामुळे निष्कर्षाचे चिन्ह बदलत असेल, तर तो निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापूर्वी अभ्यासकाने थांबले पाहिजे. ही चाचणी करण्यास पाच मिनिटे पुरतात, आणि तिच्यासाठी पट्टीची चूक ठाऊक असण्याचीही गरज नाही.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. आपले कामाचे पत्रक दुसऱ्यास वाचावयास द्यावे. स्वतःच्या सूत्रातील चूक स्वतःस दिसत नाही, कारण वाचताना आपण लिहिलेले न वाचता मनात योजलेले वाचतो. हर्न्डन यांची बुद्धी मूळ लेखकांहून अधिक होती म्हणून चूक सापडली असे नव्हे. ते त्रयस्थ होते, त्यांच्यापाशी मूळ पत्रक होते, आणि उत्तर जुळत नाही या गोष्टीकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही.

आपल्या विभागांत पुनर्गणनेचा स्वाध्याय दुय्यम दर्जाचा मानण्याची प्रवृत्ती असते. नवा विषय, नवे क्षेत्र, नवा निष्कर्ष यांसच प्रबंधाचे मोल दिले जाते. परंतु ज्या स्वाध्यायास प्रारंभी केवळ अभ्यासक्रमाची पूर्तता एवढेच महत्त्व होते, त्याने तीन वर्षे राज्यकर्त्यांच्या भाषणांत वावरलेली एक संख्या दुरुस्त केली. दुसऱ्याचे गणित निष्ठेने पुन्हा करून पाहणे हेही संशोधनच होय, आणि विद्यार्थ्याने त्याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही.